टूना सँडविच आणि दोन लाख वर्षं

"सर, तुमच्या टूना सँडविचचा वास शेवटच्या बाकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?"

हे भर वर्गात विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या ब्रिनच्या कंपूने डेल्फिनाशी लावली होती. विज्ञानाचे लोंबार्डी सर भडकतील अशी सगळ्यांची खात्री. पण सर खूशच झाले! ऱ्होड आयलंड राज्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रकल्प जायचा होता. शुक्रवारपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये उत्तर काढ, पटलं तर तूच जा, म्हणाले.

गेल्या वर्षी वर्गात तोंड न उघडणाऱ्या डेल्फिनाने त्या संध्याकाळी चाउडरचं दाट सूप भुरकताना आईवडिलांना सांगून टाकलं, की आपण प्रदर्शनाला गेल्यातच जमा आहोत.

तिने संगणकात वर्गाची खोली काढली. मग आली विसरणांकाची चौकट, म्हणजे वास हवेत किती भराभर पसरतो तो आकडा. पुस्तकातला आकडा तिने ऐटीत ठोकला. उत्तर आलं: दोन लाख वर्षं!

"मग आज येतोय तो वास कुठल्या गुहेतल्या डब्याचा?" ब्रिनने विचारलं.

डोक्याचं पार भरीत झाल्यावर कुठे उलगडलं. खोली मिलिमीटरमध्ये, आकडा मीटरवाला! सॉफ्टवेअर एककं विचारतच नाही. सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखं पानात पडेल ते मुकाट गिळतं. तिने आकडा दहा लाखपट केला. उत्तर आलं, अडीच महिने. हेही काही खरं वाटेना. पण चूक सापडेल तर शपथ.

शुक्रवारी तिने "अडीच महिने" म्हटलं. सरांनी शांतपणे डबा उघडला. मिनिटभरात मागच्या बाकावर ब्रिनने नाक दाबलं आणि वर्ग हसून लोळला.

"आकडा बरोबर आहे," सर म्हणाले.

डेल्फिना आणखीनच गोंधळली. "मग हा वास?"

"तुझ्या संगणकातल्या खोलीतली हवा हलते का गं?"

तिने वर पाहिलं. छताला हीटरचा पंखा घुंई घुंई करत होता. संगणकातल्या खोलीत झुळूकसुद्धा नव्हती. वास बिचारा रांगत निघाला होता.

सर म्हणाले, जागा तुझीच. पण तिथेही हसतील. बघ, झेपेल का.

घरी आईने विचारलं, काय झालं. डेल्फिनाने दप्तर खाली टाकलं.

"मॉम, डॅड, मी ठरवलंय. मी प्रदर्शनाला जाणार. आणि सगळ्यांना ठणकावून सांगणार, की माझं उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त तसा वर्ग जगात कुठेच नाही."