तान्हाबाईंच्या मरणापुढल्या टिंबाची हकीकत

श्रीमोबाईल प्रसन्न. ज्याचे पडद्यावर सकल प्रजेचे दैव उमटते, त्यास आधी नमस्कार करोन मग लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसूनाम संवत्सरे, कार्तिकमासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे जे, पेन्शनदार वृद्धांनी दरसाल आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा ऐसी चाल होती, आणि त्या साली सरकारांनी कचेरीचे खेटे बंद करोन ॲप काढिले, आणि ॲपापुढे तोंड करोन दोन्ही डोळे मिचकाविले म्हणजे माणूस जिवंत, ऐसा ठराव केला. मग तान्हाबाई गुरव म्हणोन निवृत्त शिक्षिका, वय सत्त्याहत्तर, त्यांचे डाव्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन वर पट्टी होती, त्यांनी एकच डोळा मिचकाविला, आणि ॲपाने तत्काळ कळविले, ‘आपण हयात नाही.’

बाईंची तक्रार दरबारी पोहोचली, आणि मजकूर फार कठोर दिसतो ऐसे सर्वांचे मत पडिले, आणि दोष शेवटल्या टिंबाचा ठरला. मग मसलत बैसली. मजकूरखात्याचे दिवाण भास्करपंत टिपरे बोलिले की टिंबाने तोंडावर दार लाविल्यासारखे वाटते, आणि तरुण सरदारांनी उद्गारचिन्ह सुचविले, ते सरकारास आनंद जाहलासा दिसेल म्हणोन रद्द जाहले, आणि एका शहाण्याने प्रश्नचिन्ह काढिले, तेणेकरून सरकारासच संशय आहे ऐसे दिसते म्हणोन त्याची बदली जाहली. मग निम्म्या मृतांस टिंब आणि निम्म्यांस बिनटिंब दाखवोन सतरा दिवस प्रयोग चालिला, आणि चहा फार खपला. इतक्यात तान्हाबाई स्वतः रिक्षा करोन दरबारी दाखल जाहल्या, आणि दरबार हर्षला, कारण ॲप वापरणारे खरे माणूस त्यांनी प्रथमच पाहिले. पंतांनी खुर्ची दिधली, दोन मोबाईल पुढे धरिले, आणि यांतले कोणते सौम्य वाटते ऐसे अदबीने पुसिले.

बाई बोलिल्या, “मला टिंबाचं काही नाही हो. मी जिवंत आहे, तेवढं लिहा.”

पंत बोलिले, “बाई, माणसं दुसऱ्या खात्याकडे. आमच्याकडे फक्त चिन्हं.”

आणि कारकुनाने नोंद केली की, बाईंस टिंब नको. मग टिंब गेले, पेढे वाटिले, पंतांस बढती जाहली. पुढे महिन्याने पट्टी सुटली, आणि बाईंनी ॲपापुढे बसोन दोन्ही डोळे चांगले मिचकाविले, तो उत्तर उमटले, ‘मयत व्यक्तीचा अर्ज घेतला जात नाही’, आणि त्यापुढे चिन्ह काही नव्हते.

सारांश, दरबाराने मजकूर मृदू केला आणि बाईंस मयत ठेविले. ऐसियांचे अन्न खाऊन आम्ही हे लिहितो, याची लाज वाटते. हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.