चौतीस पट्ट्या

शुक्रवारी दुपारी बालवाचनालयाच्या बाई डिंकाची बाटली, कात्री आणि एक जुनं गोष्टीचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. पुस्तकात एक कप्तान बोटीतून एका बेटावर जातो आणि तिथल्या 'रानटी' लोकांना शहाणं करून परत येतो. बाई त्यातल्या निवडक ओळींवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत होत्या. टेबलाच्या कडेला उभे राहून शिपाईकाका पाहत होते.

"पुस्तकच काढून टाका ना कपाटातून," काका म्हणाले.

"अहो, माझ्या लहानपणापासूनचं पुस्तक आहे! त्याच्यामुळे तर मी या धंद्यात पडले."

"मग मुलांना सांगून टाका, हे चुकीचं लिहिलंय म्हणून."

"एवढ्याएवढ्या पोरांना काय काय सांगत बसू? त्यापेक्षा चिकटवलेलं बरं."

खरं कारण वेगळं होतं. सांगायचं तर आदल्या शनिवारचं सांगावं लागलं असतं, आणि ते बाईंना स्वतःलाही आठवायचं नव्हतं.

बाई गोष्ट वाचायच्या ती साग्रसंगीत. कप्तानाचा आवाज खर्जात, वादळाचा नाकातून, आणि बेटावरच्या राजाचा डोळे फिरवत, जीभ बाहेर काढत, "मालक गोड! मालक खाऊ!" असा. त्या शनिवारी राजा इतका रंगला की मुलं सतरंजीवर लोळायला लागली. बाईही पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे दातांच्या डॉक्टरांची मुलगी बसली होती. वर्षभरापूर्वी हे बाप-लेक समुद्रापलीकडच्या एका बेटावरून इथे राहायला आले होते. चित्रातल्या राजाचा होता तोच रंग तिचा होता, आणि तसेच दाट कुरळे केस. ती हसत नव्हती.

तेवढ्यात तिच्या शेजारच्या एका चष्मिस पोराने, कसलाही वाईट हेतू नसताना, विचारलं, "तुमच्याकडे माणसं उकडतात की भाजतात?"

"माझे बाबा दात काढतात," ती म्हणाली, आणि उठून बूट घालायला लागली.

तेव्हापासून बाईंना अन्न गोड लागत नव्हतं. त्या मुलीने वाचनालयाची पायरी चढणं सोडलं तर तो दोष आपलाच, हे त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून या पट्ट्या. संध्याकाळपर्यंत त्या मोजून चौतीस झाल्या, त्यातल्या सहा चित्रांवर. काकांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते हं."

काकांचा हिशेब फारच कमी निघाला. वर्षाकाठी दोनदा बाहेर जाणारं ते पुस्तक. शनिवारी चष्मिसने ते चाळलं आणि त्याचा चष्मा नाकावरून घसरला. "बाई, याच्याखाली काय आहे?"

"काही नाही."

काही नाही म्हटल्यावर आणखी काय हवं? आठवड्यात चौदा जणांनी नाव लावलं. बाईंना वहीत क्रमवार यादी करावी लागली. मुलं पान खिडकीच्या उजेडात धरायची, थुंकी लावायची, नखाने खरवडायची. दिसायचं नाही ते मनाने रचायची, आणि मुलांनी रचलेलं मूळ पुस्तकापेक्षा भयंकर होतं. मग आया आल्या. "बाई, मुलांच्या पुस्तकात असं काय आहे हो, जे झाकावं लागतं?" बाई नुसत्या लाल झाल्या, त्यामुळे आयांची खात्रीच पटली.

शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष आले. त्यांनी चहाच्या किटलीच्या वाफेवर पुस्तक धरलं, एक पट्टी सोडवली, वाचलं, पट्टी परत दाबून बसवली आणि ते मोठ्याने हसले.

"हात्तिच्या! एवढंच? अहो बाई, शाळेत आम्ही याचं नाटक केलं होतं. मी राजा! तोंडाला बुटाचं पॉलिश फासून असा नाचलो होतो की बक्षीस मिळालं मला!" असं म्हणून अध्यक्षांनी दोन पावलं नाचूनही दाखवली.

"छान," दारातून आवाज आला. मुलीने नेलेलं पुस्तक परत करायला दातांचे डॉक्टर स्वतः आले होते. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी दहाला तुमची दाढ आहे. लक्षात आहे ना?"

अध्यक्ष पाय हवेतच ठेवून उभे राहिले. मग दाढ तशी काही दुखत नाही, असं पुटपुटत निघून गेले. बाईंना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. डॉक्टरांना काहीतरी म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "चहा घेणार?" डॉक्टर नको म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी यादीत नववं नाव आलं. ते डॉक्टरांच्या मुलीचं होतं. तिने नाव कधी लावलं, बाईंना कळलंच नव्हतं. ती टेबलासमोर कार्ड घेऊन उभी राहिली.

"माझा नंबर आलाय, बाई."

बाईंनी उगाच वहीची पानं उलटली. "अगं, ते… ते ना, बाइंडिंगला गेलंय."

"कधी येईल?"

"वेळ लागेल. फार फाटलंय ते."

देवाने चष्मिसला वेळकाळ कळण्याची बुद्धी दिली नव्हती. तो धापा टाकत आला आणि पुस्तक धप्पकन टेबलावर आपटून म्हणाला, "घ्या बाई! सतराव्या पट्टीखालचं अजिबात दिसत नाही. कुणाचा नंबर आहे आता?"

मुलीने पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. कार्ड खिशात ठेवून ती गेली. जिच्यासाठी एवढं रामायण केलं, सगळ्या मुलांत नेमकं तिलाच पुस्तक नाकारलं होतं, आणि तेही तोंडावर खोटं बोलून.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्या दिवशी बाईंनी गोष्टीचा तास रद्द केला, पुस्तक पिशवीत घातलं आणि पत्ता शोधत डॉक्टरांच्या घरी गेल्या. दार डॉक्टरांनी उघडलं. बाईंनी वाटेत पाठ केलेलं लांबलचक माफीचं भाषण उंबरठ्यावरच विसरलं गेलं.

"मी खोटं बोलले तिच्याशी," एवढंच त्या म्हणाल्या. "हे द्यायला आले."

मुलगी स्वयंपाकघरात टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने पुस्तक उघडलं आणि लगेच मिटलं. "पट्ट्या काढून द्या. सगळ्यांनी खरवडून वाचलंय. मी झाकलेलं का वाचू?"

डॉक्टरांनी पाणी उकळायला ठेवलं. मग बाई त्या परक्या स्वयंपाकघरात वाफेवर एकेक पट्टी सोडवत बसल्या. पट्टी निघाली की मुलगी ती ओळ सपाट आवाजात वाचायची, पाढे म्हणावेत तशी. याच ओळींवर बाई जन्मभर हसल्या होत्या. आता एकेक ओळ ऐकताना मान खाली खाली जात होती. अकराव्या पट्टीखालून राजाचं चित्र निघालं. डॉक्टर वाकून पाहायला लागले. बाईंनी डोळेच मिटून घेतले.

"याच्या मागे वाघ आहे," डॉक्टर म्हणाले. "आमच्या बेटावर मांजरंसुद्धा बोटीने आणावी लागतात." आणि ते हसले. बाईंना त्यात हसण्याची हिंमत झाली नाही.

चौतिसावी पट्टी निघाल्यावर मुलीने विचारलं, "हे खोटं आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं म्हणणं सोपं होतं. लहानपणी माहीत नव्हतं, हे खरंही होतं. पण बाईंनी परवा जो राजा केला होता, तो काही लहानपणी केला नव्हता.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"मग का वाचलंत?"

"मला आवडायचं म्हणून. तू समोर बसलीयस, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तुला फार राग आला असेल ना पुस्तकाचा?"

"पुस्तकाचा नाही," मुलगी म्हणाली. "तुमचा आला."

बाईंचे डोळे भरून आले. "बरोबर आहे तुझं," त्या कशाबशा म्हणाल्या. "चुकलं माझं." मग पदर सावरत उठल्या. "पुस्तक ठेव तुझ्याकडे. हवे तितके दिवस ठेव."

मुलीने चार पानं पुढे उलटली, दोन मागे उलटली आणि पुस्तक बाईंच्या पुढे सरकवलं.

"नको. कंटाळवाणं आहे. तो कप्तान नुसत्या बढाया मारतो."

बाईंना एवढ्या दिवसांत काय काय ऐकावं लागलं होतं, पण हा घाव सगळ्यांत खोल बसला. तरी त्यांनी मुकाट्याने पुस्तक पिशवीत टाकलं.

"पुढच्या शनिवारी मी येईन," मुलगी म्हणाली. "पण मला दोन पुस्तकं लागतील. एक त्या दिवशी बुडालेलं, एक आत्ताचं."

एका कार्डावर एकच पुस्तक, हा बाईंनी स्वतः लिहून भिंतीवर लावलेला नियम होता. अध्यक्षांच्या नातवाने रडून आकांत केला, तरी त्याला त्यांनी दुसरं दिलं नव्हतं.

"तीन घे," बाई म्हणाल्या.

"दोनच," मुलगी म्हणाली, आणि गृहपाठाची वही पुढे ओढली.