देवरावांच्या छातीतला आवाज

देवराव सहाऱ्यांकडे कोणी गेलं की ते आधी शर्टाची वरची तीन बटणं काढतात. पाणी त्यानंतर.

"लावा कान," ते म्हणतात. "डाव्या बाजूनं. तुम्ही घरचे म्हणून फुकट. नाहीतर याच्यासाठी लोक विमानानं येऊन राहिले."

हे खोटं नाही. देवराव नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी राहतात आणि त्यांच्या छातीत, लहानपणी सांध्यांच्या तापानं आखडलेली हृदयाची एक झडप राहते. तिच्यातून जाताना रक्त घरघरतं. युरोपात हा आवाज आता सहसा ऐकायला मिळत नाही म्हणे. तिथल्या डॉक्टरकीच्या मुलांना शिक्षणातले काही आठवडे परक्या देशात काढायची मुभा असते. त्यातली दोनचार दरवर्षी नागपूरच्या एका दवाखान्यात येतात, आणि ती आली की देवरावांना निरोप येतो. मग देवराव गुळगुळीत दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि दुभाष्या म्हणून मला स्कूटरवर मागं बसवतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा गुन्हा.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात त्यांनी तीस वर्षं काढली. पेचकसाचं टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे स्टेथोस्कोपवाली मुलं त्यांना आपल्याच खात्यातली वाटतात. टेबलावर चढले की कोणी सांगायच्या आत ते डाव्या कुशीवर वळतात आणि श्वास सोडून थांबतात. एखाद्यानं नळीची चपटी बाजू लावली तर बोटानंच खूण करतात, उलटी धर, छोटी बाजू. एका जर्मन मुलाला काही केल्या आवाज सापडेना.

"त्याले सांगा मास्तर, घाई नको करू. बेअरिंग घाई करणाऱ्याशी बोलत नाही."

मी सांगितलं. मुलानं ते वहीत उतरवून घेतलं.

एकदा त्यांना परीक्षेत पेशंट म्हणून बसवलं होतं. समोर दवाखान्याच्याच कॉलेजची एक घामाघूम मुलगी. देवरावांना राहवलं नाही, त्यांनी रोगाचं इंग्रजी नाव हळूच सांगून टाकलं. तिच्या कानात नळ्या, तिला ऐकू आलं नाही. म्हणून त्यांनी ते जरा मोठ्यानं सांगितलं. ते परीक्षकांना ऐकू आलं. त्यानंतर परीक्षेचं बोलावणं कायमचं बंद झालं.

"पोट्टी रडायच्या बेतात होती," देवराव अजून सांगतात. "मी का मुका बसू?"

झडप बदलून घ्या, असं दवाखान्यातले मोठे डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. देवरावांचं उत्तर ठरलेलं. "बाहेरचे पोट्टे येऊन राहिले. ते गेले की पाहू." मुलं जायची, दुसरी यायची. इकडे बाजारातून येताना देवराव गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागले होते. विजेच्या खांबाकडं बघत म्हणायचे, "तार ढिली वाटते." मीही वर बघायचो. तार कधीच ढिली नव्हती.

यंदा स्कॉटलंडहून फियोना नावाची मुलगी आली. उंच, अबोल, हातात एक वही. वहीत तिनं वॉर्डातल्या सिस्टरकडून मराठी प्रश्न लिहून घेतले होते. देवराव सवयीनं कुशीवर वळले. तिनं बराच वेळ ऐकलं. आता ही खूश होणार म्हणून देवराव माझ्याकडं बघून डोळे मिचकावणार, तोच तिनं नळ्या गळ्यात टाकल्या, वही उघडली आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "झोपताना उशा किती घेता?"

देवराव उठून बसले. शर्टाची बटणं लावली, तीही चुकीच्या काजांत.

"हे काहून विचारते ही?"

मी तिला विचारलं. ती म्हणाली, आडवं झाल्यावर श्वास पुरत नसेल तर माणूस उशा वाढवत जातो.

देवराव खिडकीकडं बघत राहिले. तिथं खांबही नव्हता.

"तीन," ते म्हणाले. "दोन माह्या. एक सुमनची."

सुमनवहिनींना जाऊन चार वर्षं झाली. मी हे फियोनाला सांगत होतो, पण देवराव थांबले नाहीत.

"ती माह्या छातीवर कान ठेवून झोपायची, मास्तर. म्हणायची, तुमची गिरणी ऐकल्याबिगर मले झोप येत नाही. ऑपरेशन केलं की गिरणी बंद. मंग तिच्या वळखीचं काय राह्यलं माह्यात?"

हे भाषांतर मी शाळेत शिकवतो त्या इंग्रजीत कसंबसं केलं. फियोनानं वही मिटली आणि मला हळूच विचारलं, तीन उशांवर तरी झोप लागते का त्यांना?

मी ते मराठीत विचारलं. देवरावांनी मान हलवली. नाही.

आम्ही स्कूटरपर्यंत आलो. किक मारायच्या आधी ते म्हणाले, "बेअरिंग असं वाजलं असतं तर मी दुसऱ्या पाळीची वाट पाहिली नसती." मग किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्हीच चालवा."

ऑपरेशन झालं तोवर फियोना परत गेली होती. दीड महिन्यानं तिचा मला निरोप आला. एकच ओळ. उशा किती?

मी विचारायला गेलो. देवरावांनी बटणं काढली, सवयच ती. छातीवर मधोमध लांब व्रण. घरघर गेली होती. नवी झडप धातूची. कान टेकवायचीही गरज नव्हती, पंखा बंद केल्यावर हातभर अंतरावरून टकटक ऐकू येत होती.

"सुमन म्हणाली असती, गिरणी विकून घड्याळ आणलं," देवराव म्हणाले. "पण झोपली असती. सवय झाली असती तिले."

मी फोन काढला. "काय कळवू?"

"एक."

माझी नजर पलंगाकडं गेली. त्यांची उशी भिंतीकडं होती, मधोमध दबलेली. पलीकडच्या बाजूला दुसरी, धुतलेल्या अभ्र्याची, एकही सुरकुती नसलेली.