जुना ड्रायव्हर

"अक्का, सिस्टिममधून तो जुना ड्रायव्हर काढून टाक," चपला घालता घालता मालक दबक्या आवाजात म्हणाले आणि कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर मामा पेंगत होते.

भाड्याच्या गाड्यांच्या त्या ऑफिसात मामा सगळ्यांत जुने ड्रायव्हर. मालकांना गाडी चालवायला शिकवली तीही मामांनीच. पण हल्ली ते इतक्या बेतानं गाडी चालवत, की मागचे सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. सोमवारपासून एक चुणचुणीत नवा ड्रायव्हर येणार होता. मामांच्या तोंडावर "उद्यापासून येऊ नका" म्हणायची मालकांची छाती नव्हती. भाडी लावायच्या सॉफ्टवेअरमधून नाव गेलं, की मामांना भाडं लागणार नाही, आणि दोन-चार दिवसांत काय ते आपण होऊन समजतील, असा त्यांचा साळसूद बेत होता.

या सॉफ्टवेअरला मालक 'सिस्टिम' म्हणत. सगळा घोळ तिथेच झाला.

अक्का म्हणजे मालकांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. ऑफिसातला कारकून रजेवर गेला म्हणून त्या आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायला आल्या होत्या आणि येण्यापूर्वी ज्येष्ठांच्या संगणकवर्गात पहिल्या आल्या होत्या. पत्र लिहिणं, भाडी लावणं अशी आपली कामं करतं ते अॅप्लिकेशन सॉफ्टवेअर. खुद्द कॉम्प्युटरला चालवतं ते सिस्टिम सॉफ्टवेअर. देवमाशाला मासा म्हणणाऱ्या मुलाला शून्य देणारी बाई ती. भाऊ सिस्टिम म्हणाला, म्हणजे सिस्टिमच.

त्यांनी सिस्टिम उघडली. आत कॉम्प्युटरचा एकेक भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, म्हणजे ड्रायव्हरांची, ही रांग! पडद्याचा एक, आवाजाचा एक, छपाईचा एक. चष्मा सावरून त्यांनी एकेकाची तारीख तपासली. सगळ्यांत जुना निघाला तो नेटवर्कचा.

'नक्की काढायचा?' कॉम्प्युटरनं विचारलं.

"मालकाचं सांगणं आहे बाबा," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली.

इंटरनेट गेलं. भाडी येणं बंद झालं. एकामागून एक ड्रायव्हर रिकाम्या गाड्या दारात लावून आत डोकावू लागले. कुणीतरी मालकांना फोन केला. ते धापा टाकत आले आणि अक्कांच्या कानाशी लागले.

"मामांना काढलंस ना?"

"मामांना? छे! तू ड्रायव्हर काढ म्हणालास."

"मग मामा कोण आहेत? आचारी?"

"सिस्टिममधला काढ म्हणालास. मामा सिस्टिममध्ये नाहीत रे, मामा अॅप्लिकेशनमध्ये आहेत."

"मामा बाकावर आहेत, अक्का!"

मालकांनी कपाळाला हात लावला आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन जोडला. अक्कांचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. दुरुस्तीवाल्याचा आवाज मुळातच खणखणीत. बाकावरचे मामा दचकून जागे झाले आणि दारात येऊन उभे राहिले.

"जुना ड्रायव्हर काढलात?" फोन कडाडला. "अहो, ही बुद्धी झाली कुणाला?"

सगळे ड्रायव्हर मामांकडे पाहू लागले. मामा मालकांकडे पाहू लागले. मालक पंख्याकडे पाहू लागले.

"मला," मालक पुटपुटले.

"नवा आणून बसवायचा का?" अक्कांनी विचारलं.

"नव्याच्या नादी लागू नका, बाई! नव्याचं तुमच्या मशीनशी जुळेल याची खात्री नाही. इतकी वर्षं बिनतक्रार राबलाय तो. त्याच्या जिवावर तुमचं सगळं चालत होतं, हे आत्ता कळलं ना?"

मामांनी डोळे पुसले. मालक आवाज कमी करायची खूण करत होते, पण अक्कांचं लक्ष पडद्यावर होतं.

"मग त्याला परत आणायचं कसं?"

"तो गेलाय कुठे? तिथेच आहे. तुम्ही फक्त त्याची ओळख पुसलीत. शोधा म्हणून सांगा, लगेच हजर होईल."

"हजर आहे, साहेब," मामा दारातून म्हणाले. "मालक, हे साहेब मला कुठून ओळखतात?"



"सापडला!" अक्का ओरडल्या. "आता?"

"आता फक्त रीस्टार्ट करा."

अक्कांनी कळ दाबायच्या आधीच मामा वळले होते. बाहेर त्यांच्या गाडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. मागोमाग कॉम्प्युटरही. पडद्यावर पहिलं भाडं उमटलं.

"हे कुणाला लावू?" अक्कांनी विचारलं.

मालकांनी खिडकीतून पाहिलं. मामा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, ताठ बसून, आज्ञेची वाट पाहत होते.

"ज्याचं इंजिन चालू आहे त्याला," मालक म्हणाले, "आणि प्रवाशाला कळव, जरा लवकर निघा म्हणावं."