क्लोरीनची छत्री

पाण्याच्या बाबतीत आपल्याला शिकवील असा माणूस गंगापूर तालुक्यात अजून जन्माला यायचाय, असं खंडेराव चारचौघांत ठासून सांगत. सांगणारच! कापसाच्या रानात त्यांनी चक्क स्विमिंग पूल बांधला होता. गाव त्याला हौद म्हणे, खंडेराव 'प्रोजेक्ट' म्हणत.

खरं तर पूल बांधून सहलीच्या लोकांना भाड्यानं द्यायची कल्पना सुनेची, दिपालीची. लग्नाआधी ती वाळूजला एका कंपनीत होती. तिथल्या मैत्रिणींचा बजाजनगरमधला अख्खा घोळका येत्या रविवारी सहलीला येणार होता. पहिलंच गिऱ्हाईक! "पाणी असं की तळाच्या फरश्या मोजाल," असं ती फोनवर सांगून बसली होती. म्हणजे इज्जत पणाला लागलेली सुनेची आणि पाण्याच्या औषधाचे डबे सासऱ्याच्या ताब्यात!

औषध देताना दुकानदारानं नीट समजावलं होतं. "क्लोरीन पाणी स्वच्छ ठेवतं, पण आपल्या उन्हात ते उडून जातं. म्हणून हे स्टॅबिलायझर. क्लोरीनच्या डोक्यावरची छत्री समजा! एकदाच टाका आणि मापात टाका. रोजच्या क्लोरीनच्या गोळ्यांतही ते थोडं असतंच."

आता, 'मापात' हा शब्द खंडेरावांच्या कानाला कधी मानवलाच नाही. फवारणीच्या पंपात एक झाकण औषध लिहिलेलं असलं की ते दोन टाकत. एक बोंडअळीला, एक मनाच्या समाधानाला. शिवाय माप लिहिणारा बसलेला कुठंतरी थंड हवेत. त्याला मराठवाड्याचा मे महिना काय ठाऊक!

"मामा, बस झालं की," दिपाली म्हणाली.

"अगं, ऊन बघितलं का? छत्रीनं काय व्हतंय? मंडप घालू, मंडप!"

आणि देवाला फुलं वाहावीत तशी ते रोज सकाळी पुलाला त्या छत्रीची मूठभर भुकटी वाहू लागले.

चारदोन दिवसांत पाण्यावर हिरवी झाक आली. खंडेरावांनी गोळ्या वाढवल्या. पाणी आणखी हिरवं झालं. मग त्यांनी गोळ्याही वाढवल्या आणि भुकटीही! त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंनी कुणाला न सांगता तुरटी फिरवून पाहिली. पाणी तपासायची पट्टी सांगे, क्लोरीन भरपूर आहे. डोळ्यांना दिसे पालकाची पातळ भाजी.

शुक्रवारी तर कहरच झाला. शेजारच्या सांडूची म्हैस दावं तोडून आली, तिनं ते हिरवंगार पाणी पाहिलं आणि माहेरी आल्यासारखी पायऱ्या उतरून आत जाऊन बसली!

सांडू धावत आला. बांधावरून भांडण झाल्यापासून त्याची आणि खंडेरावांची बोलचाल बंद होती. पण म्हशीपुढं अबोला कुठवर टिकणार!

"खंडूभाऊ, जनावर हाये. डबकं दिसलं, बसली."

"डबकं? स्विमिंग पूल हाये त्यो!"

"मग म्हशीला सांगा की तसं!"

तेवढ्यात दिपालीनं दुकानदाराला फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून तो ओरडलाच, "अहो, छत्री एवढी मोठी केलीत की क्लोरीन तिच्याखाली झोपलंय! कामालाच निघत नाहीये. आता यावर औषध नाही. अर्धं पाणी सोडून द्या आणि नवं भरा."

अर्धं पाणी सोडून द्या! भर मे महिन्यात! जिथं भांडी विसळलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याच्या बुडाशी जातं, तिथं! खंडेरावांनी कॉकवर हात ठेवला, पण हात काही फिरेना.

"आवं, लोक तोंडात शेण घालतील," कस्तुराबाई पुटपुटल्या.

"राहू द्या मामा," दिपाली हळूच म्हणाली. "मैत्रिणींना कळवते मी, नका येऊ म्हणून."

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरलेले पाहून खंडेरावांनी कॉकवरचा हात काढून घेतला. पोरीनं मोठ्या तोंडानं सांगितलेलं आणि आपण आपल्या हातानं ते नासवलं!

म्हशीचा कासरा धरून उभा असलेला सांडू खाकरला. "सोडायचंच तर वाया कशाला? परवाच घराचा स्लॅब टाकलाय म्या. दिवसा बोअरला लाइट नसती, पाणी मारायला टँकर बी मिळंना."

"स्लॅबवर बिनधास्त मारा!" फोनमधून आवाज आला. "फक्त पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका."

सगळ्यांनी म्हशीकडं पाहिलं. ती निवांत रवंथ करत होती.

"आन् भरायचं कशानं?" खंडेरावांनी विचारलं.

"माझी बोअर काय शोभेला हाये व्हय? रातच्याला लाइट येती की!"

ज्या बांधापायी वर्षानुवर्षं तोंडं फिरवली, त्याच बांधावरून एक पाइप तिकडं गेला आणि एक इकडं आला. सांडूनं म्हशीला कसंबसं बाहेर काढलं आणि दिपालीनं डबे ताब्यात घेतले. छत्रीचा डबा कुलपात गेला. नुसतं क्लोरीन, तेही मापून, तिनं स्वतः टाकलं. फिल्टर घरघरत राहिला आणि खंडेराव ब्रश घेऊन मुकाट्यानं भिंती घासत राहिले.

रविवारी बाया आल्या. काठावरूनच ओरडल्या, "अगं दिपे, खरंच की! फरश्या मोजाव्यात अशा दिसतायत!" दिपाली हसली आणि तिनं आधी सासऱ्याकडं पाहिलं. खंडेरावांना तिथं उभं राहवेना. ते तडक बांध ओलांडून सांडूकडं गेले.

"सांडू, तू नसतास तर पोरीची मान खाली गेली असती. लई उपकार झाले बघ." त्यांनी सांडूचा हात धरला.

"उपकार कसले भाऊ! तुमच्या पाण्यानं स्लॅब कसा दगडावानी झालाय. टँकरवाल्याच्या पाया पडायचं वाचलं." सांडूचे डोळे पाणावले. मग त्यानं जरा घुटमळत विचारलं, "एक बोलू? राग नाय ना यायचा?"

"बोल की, लेका!"

"पाऊस लागायच्या आत वरचा स्लॅब टाकायचाय. तवा आणिक एकदा पाणी बिघडवाल का?"

खंडेरावांनी मागं वळून पाहिलं. दिपाली लांब होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"तारीख तेवढी आधी कळव. कुलपाची किल्ली शोधावी लागंल."