कबुतरांना न पटलेलं छत

मोहल्ल्यातली छतं पांढरी रंगवायचं ठरलं, तेव्हा पहिला होकार झियोदिल्ला-अकांच्या, म्हणजे झियोदिल्लादादांच्या, घरून गेला. खरं तर तो त्यांच्या बायकोने, ओयदिनने दिला होता. अकांनी नुसती मान हलवली. ताश्कंदचा चव्वेचाळीस अंशांचा उन्हाळा, डोक्यावर काळपट सिमेंटचे पत्रे आणि खाली दिवसभर घरघरणारा एसी. मोहल्ला समितीच्या अध्यक्षा मव्लुदा-ओपा, म्हणजे मव्लुदाताई, अंगणात उभं राहून समजावत होत्या, "पांढऱ्या छतावरून ऊन माघारी जातं. घर गार राहतं. एसी कमी चालला की वीज कमी, वीज कमी की वीजघराचा धूर कमी. आपलंही भलं, आभाळाचंही भलं."

"आभाळाचं राहू दे ओपा," ओयदिन म्हणाली, "आधी माझं स्वयंपाकघर गार करा."

दोन दिवसांत छत पांढरंफेक झालं. तिसऱ्या दिवशी ओयदिनने भरदुपारी एसी बंद केला आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नवऱ्याशी दोन शब्द गोड बोलली.

संध्याकाळी अकांनी कबुतरं सोडली. बस चालवणं सुटल्यापासून ही चाळीस पाखरं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. थवा वर गेला, चकरा मारून घरावर आला आणि बिचकून पुन्हा वर गेला. असं चार वेळा झालं. पाखरांना आपलं घर काही ओळखू येईना. शेवटी दमून ती गल्लीतल्या एकुलत्या एका काळ्या छतावर उतरली. ते छत रंगाला नाही म्हणणाऱ्या तुरोबचं होतं.

तुरोबही कबुतरबाज. दोघांचं वीस वर्षांचं वैर. आणि कबुतरबाजांचा कायदा असा, की ज्याच्या छतावर पाखरू उतरलं, त्याचं ते झालं. परत हवं तर मागायला जायचं. अका गेले. तुरोबने हसत दार उघडलं, चहा पाजला, वर जर्दाळूही पुढे केले. अकांना तेच जास्त झोंबलं.

"न्या हो अका, न्या," तुरोब म्हणाला. "पोरी माहेरी येऊन गेल्या म्हणायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच अकांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या काळ्या-राखाडी गोधड्या छतावर अंथरल्या. पाखरं सुतासारखी सरळ घरी आली. दुर्दैव असं, की नेमक्या त्याच दुपारी मव्लुदा-ओपा पालिकेच्या इंजिनियरला घेऊन आल्या. तो शिडीवर चढला, तापमापक लावला आणि वही चाळू लागला.

"रंगवण्याआधी साठ अंश होतं," तो म्हणाला. "आता सदुसष्ट."

"हे कसं शक्य आहे?" ओपा ओरडल्या.

"छतावर नऊ गोधड्या आहेत."

ओपांनी अकांकडे पाहिलं. "काय हो अका, छताला हुडहुडी भरली होती का?"

गोधड्या उतरल्या आणि पाखरं पुन्हा तुरोबकडे गेली. आठवडाभर अका रोज संध्याकाळी टोपी सारखी करून मागायला जात आणि रोज नवा टोमणा ऐकून येत.

पण तुरोबचा तोरा फार टिकला नाही. त्याची बायको सानोबर एकदा ओयदिनकडे ताट परत द्यायला आली, गार खोलीत टेकली आणि उठेचना. "त्यांना सांगा," तिने निरोप धाडला, "छत पांढरं होईस्तोवर मी इथेच आहे." दोन दिवस तुरोबने मिजाशीत पुलाव शिजवून खाल्ला. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा मिळेना, तेव्हा रंगारी बोलावला.

आता सगळी गल्ली पांढरी. त्या संध्याकाळी दोघांचे थवे वर घिरट्या घालत राहिले आणि खाली दोघं आपापल्या अंगणातून मान मोडेपर्यंत शिट्ट्या मारत राहिले. एकाएकी सगळी पाखरं चौकाकडे वळली. अका धावले. तुरोब धावला. चौकात पोहोचले तर ऐंशी-नव्वद कबुतरं समितीच्या कचेरीवर ओळीने बसलेली. छत काळंकुट्ट.

आत मव्लुदा-ओपा डोक्यावर ओला टॉवेल ठेवून कागद तपासत होत्या.

"ओपा, तुमचंच छत राहिलं?" अकांनी विचारलं.

"आधी लोकांची. आमचं उद्या."

"नको!" दोघं एका सुरात ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"एक उन्हाळा थांबा, ओपा," तुरोब हात जोडून म्हणाला. "तोवर पाखरं शिकतील. उद्या हेही पांढरं झालं, तर ती उतरणार कुठे? परगावी जातील हो!"

"आणि या भट्टीत मी बसू?"

"तुम्ही कशाला? आम्ही आहोत की!"

अकांनी त्याला कोपरखळी मारली, पण उशीर झाला होता. ओपांनी टॉवेल घडी करून पर्समध्ये टाकला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्या निघाल्याच.

तेव्हापासून बारा ते पाच कचेरी हे दोघं सांभाळतात. तुरोब दाखले लिहितो, अका शिक्के मारतात, आणि ओपा ओयदिन-सानोबरच्या जोडीला गार खोलीत पाय पसरून टरबूज खातात. परवा रांगेतल्या घामाघूम लोकांनी मिळून एक अर्ज दिला: कचेरीत बसवत नाही, छत ताबडतोब पांढरं करावं, खाली एकतीस सह्या. अकांनी तो शांतपणे वाचला, त्यावर शिक्का मारला आणि कागदांच्या ढिगाच्या पार तळाशी सरकवला. तुरोबने ढिगावर चहाची किटली ठेवली.