जरबेचं अक्षर

सहावा इशारा कोणत्या फॉन्टमध्ये द्यायचा, एवढाच खरा प्रश्न होता.

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंची मोरी चार महिने गळत होती आणि नेमकी निवृत्त बातमीदारांच्या कात्रणांच्या कपाटावर. (चाळीस वर्षांच्या बातम्या! भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आणलेल्या. आता त्यांनाच बुरशी येत होती.) टाइप केलेले पाच इशारे पाठवून झाले. उत्तर नाही.

"बाबा, या वेळी माझा नवा फॉन्ट वापरून बघा," लेक म्हणाली. फॉन्ट बनवणं हाच तिचा धंदा.

बातमीदारांनी चष्मा लावला. शिरोरेषा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी झोल खात होती. 'क'चं पोट सुटलेलं. वेलांट्या वाऱ्यानं उडालेल्या टोप्यांसारख्या कुठल्या कुठे.

"हा इशारा आहे की सर्कस? कुठल्या गाढवाचं अक्षर उचललंस हे?"

"तुमचं. जुन्या वह्यांमधून."

बातमीदारांनी चष्मा पुसून पुन्हा लावला; कपाटावरच्या बादलीत टपटप चालूच होती.

"नीट बघितलं तर," बातमीदार म्हणाले, "जरब आहे गं अक्षरात. याच अक्षरानं मी मंत्र्यांना घाम फोडलाय!"

"मंत्र्यांनी छापलेलं वाचलं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "हे अक्षर वाचलं छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बिचाऱ्यानं. घाम त्याला फुटायचा."

तिकडे दुर्लक्ष करून बातमीदारांनी लेकीला त्याच फॉन्टमध्ये छापायला मजकूर सांगितला: 'आठ दिवसांत गळती थांबवा, नाहीतर माझ्याशी गाठ आहे! – खालच्या मजल्यावरून.' कागद स्वतः जाऊन बाईंच्या दाराखालून सरकवला.

तिसऱ्या दिवशी वर हातोडे वाजले. पाचव्या दिवशी टपटप बंद! बातमीदार छाती काढून घरभर फिरले.

"याला म्हणतात लेखणीची धार!"

रविवारी बेल वाजली. दारात दंतवैद्य बाई. शरण आलेल्याला जरा ताटकळत ठेवावं, म्हणून बातमीदार आतल्या खोलीत कान देऊन बसले.

"वहिनी, आधी माफ करा. ते पाच लिफाफे मी फोडलेच नाहीत हो. कसल्यातरी जाहिराती वाटल्या. पण ही चिठ्ठी! 'माझ्याशी गाठ आहे!' किती गोड! नातू आलाय ना तुमच्याकडे? म्हटलं, लेकराचा हिरमोड नको. लगेच प्लंबर बोलावला. चिठ्ठी दवाखान्यात लावलीय. खुर्चीत बसून रडणारी पोरं ती बघून खुदकन हसतात."

आत बातमीदार ताडकन उठले. खुलासा! जाहीर खुलासा! तेवढ्यात नजर कपाटाकडे गेली. कोरडं ठणठणीत. चाळीस वर्षांत त्यांच्या कुठल्याच बातमीनं इतक्या लवकर काम केलं नव्हतं. ते हळूच पुन्हा बसले.

"आणि हे त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या. दात घासायचा छोटा ब्रश होता, दांड्यावर ससा.

बायकोच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"अहो," तिनं हाक मारली, "बाहेर या. तुमच्यासाठी बक्षीस आलंय."

(ब्रश चांगला निघाला. कवळीला मऊ लागतो.)